सकर मासा जाळ्यात येण्याआधी पाण्यात शोधा

उजनीत सकर मासा अडकला की मच्छीमार आधी जाळं तपासतो, कारण त्याचं काटेरी कवच धागे तोडतं. मासे पाळायच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून हौसेने आणलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा वाढला की लोक नदीत सोडून देतात. मग तो काठाला बिळं करून अंडी घालतो. तो जाळ्यात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून जिथे तो अजून दिसलेला नाही, त्या तलावांचं पाणी मी तपासते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि विष्ठा यांतून डीएनए पाण्यात उतरतो. २००८ साली फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉगचा माग असाच पाण्यावरून लागला होता.

पाणी घ्यायला विसर्जन घाट, पूल, ओढ्याचं तोंड अशा जागा निवडा; मासे सोडले जातात ते बहुधा तिथेच. प्रत्येक जागी निदान तीन बाटल्या, एकेक लिटरच्या. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे तुमच्या पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येणार नाही.

खरी कसोटी स्वच्छतेची. होडीवाले प्रेमाने बादली पुढे करतात, मी म्हणते, "दादा, बादली नको." तिच्यात काल मासे होते, म्हणजे त्यांचा डीएनएही आहे. बाटल्या आदल्या दिवशी ब्लीचने धुऊन भरपूर पाण्याने खळखळून घ्या, दर जागी हातमोजे बदला. शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत न्या, काठावर उघडा आणि बाकीच्यांसारखीच गाळा. तिच्यात सकरचा डीएनए निघाला, तर त्या दिवसाचे सगळे नमुने बाद. पैसे वाचवायला ही बाटली वगळणाऱ्यांचा निकाल मी मानत नाही.

बाटल्या बर्फात, अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी गाळा, म्हणजे डीएनए फिल्टरवर अडकतो. ०.४५ मायक्रॉनच्या बारीक छिद्रांचा फिल्टर हिरव्या पाण्यात लगेच तुंबतो. तेव्हा एका लिटरचा हट्ट न धरता दोन-तीन फिल्टर वापरा आणि किती पाणी गेलं ते लिहून ठेवा. फिल्टर चिमट्याने घडी घालून अल्कोहोलमध्ये बुडवा. पुढची पीसीआर चाचणी, म्हणजे फिल्टरवर सकरचा डीएनए आहे का ते शोधणं, प्रयोगशाळेची. पण ती आपल्याकडच्या देशी माशांवर पडताळली आहे का, हे आधी विचारा; नाहीतर त्यांचाच डीएनए सकर म्हणून दिसायचा.

एका बाटलीत खूण मिळाली म्हणून गाजावाजा नको. बाजारातलं सांडपाणी, मेलेला मासा, बगळ्याची विष्ठा, कशातूनही ती येऊ शकते. त्याच जागी पुन्हा पाणी घ्या. पुन्हा मिळाली, तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा आणि मच्छीमारांना घेऊन त्याच काठाला जाळी लावा, बिळं शोधा.