ऑक्सिजन जागेवर बसवताना: प्रयोगशाळेत अतिसंवाहक चकती कशी तयार करावी

यीट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची अतिसंवाहक चकती, म्हणजे पुरेशी थंड केल्यावर विजेला मुळीच विरोध न करणारी आणि चुंबकाला स्वतःवर तरंगवणारी चकती, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते, आणि धुळे-जळगावकडच्या एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा तरी स्वतःच्या हाताने करावी, असे मला मनापासून वाटते. मात्र भट्टी लावण्याआधी स्फटिकाची रचना समजून घ्यावी, कारण धातूंचे प्रमाण अचूक असूनही ऑक्सिजनचे अणू जागेवर बसले नाहीत तर हाती साधा विद्युतरोधकच येतो.

1986 मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना लँथॅनमच्या ताम्र-ऑक्साइडात 30 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता आढळली. 1987 मध्ये आपल्या या पदार्थाने 92 केल्विन गाठले, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या 77 केल्विनपेक्षा वर. त्याच्या एका एकक कोशात (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकात) तांबे आणि ऑक्सिजन यांचे दोन पातळ थर असतात, त्यांच्या मधोमध यीट्रियम असते, आणि बेरियम-ऑक्साइडच्या थरांपलीकडे तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या एकाच दिशेने जातात. अतिसंवाहक प्रवाह मुख्यतः त्या दोन थरांतून वाहतो, पण तेथील इलेक्ट्रॉन ओढून घेऊन धनप्रभारी वाहक निर्माण करण्याचे काम साखळ्या करतात. साक्रीकडे पांझरा नदीच्या पाटपाण्याच्या फड पद्धतीत पीक फडात येते, पण पाट कोरडा असेल तर फडही कोरडा राहतो; थर आणि साखळी यांचे नाते मला तसेच दिसते.

पदार्थाच्या सूत्रात यीट्रियमच्या एका अणूमागे बेरियमचे दोन आणि तांब्याचे तीन अणू असतात; त्यातील ऑक्सिजन 7 च्या जवळ असेल तर साखळ्या पूर्ण भरतात, कोशाची एक बाजू 3.82 आणि दुसरी 3.89 अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) होते आणि रचना ऑर्थोऱ्हाँबिक, म्हणजे तिन्ही बाजू असमान असलेली, राहते. तो 6 पर्यंत उतरला की साखळ्या नाहीशा होतात, दोन्ही बाजू समान होऊन रचना टेट्रागोनल बनते आणि अतिसंवाहकता संपते. मध्ये, 6.6 च्या आसपास, संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते तापमान, 60 केल्विनजवळ रेंगाळते.

दहा ग्रॅम पदार्थासाठी 1.695 ग्रॅम यीट्रियम ऑक्साइड, 5.924 ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि 3.582 ग्रॅम कॉपर ऑक्साइड घ्यावे. बेरियम कार्बोनेट पोटात गेल्यास विषारी असल्याने मास्क आणि हातमोजे घालूनच ते हाताळावे. मिश्रण खलात तासभर घोटावे, अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला बारा तास तापवावे, पुन्हा घोटावे आणि हे दोन-तीन वेळा करावे. भुकटी काळी दिसली पाहिजे. हिरवट कण दिसले तर प्रक्रिया अपुरी आहे असे समजून आणखी एकदा तापवावी. मग तिची चकती दाबून, खाली त्याच भुकटीचा थर देऊन, सुमारे 940 अंशांवर ऑक्सिजनच्या संथ प्रवाहात भाजावी. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस मुळीच लागू देऊ नये.

खरे काम यानंतरचे आहे. ऑक्सिजनच्या वातावरणात 700 अंशांच्या आसपास रचना टेट्रागोनलकडून ऑर्थोऱ्हाँबिककडे वळते, आणि तेव्हा अणूंना आत शिरून साखळीत बसायला वेळ लागतो. म्हणून तापमान मिनिटाला एक अंश या गतीने उतरवावे आणि 450 अंशांवर किमान बारा तास ऑक्सिजन चालू ठेवावा. आमच्या एका तुकडीने घाईत सुमारे 900 अंशांवरच भट्टी उघडून चकती बाहेर काढली. ती दिसायला उत्तम काळी होती, पण द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर चुंबक तिच्यावर नुसता पडून राहिला. दोन ग्रॅमची तीच चकती आम्ही मिलिग्रॅमच्या तराजूवर तोलली, ऑक्सिजनमध्ये 450 अंशांवर रात्रभर ठेवली आणि पुन्हा तोलली, तेव्हा वजन सुमारे 30 मिलिग्रॅमने वाढले होते. त्या दिवशी चुंबक तरंगला. एकाही धातूचा अणू वाढला नव्हता. आत गेला होता तो फक्त ऑक्सिजन.

क्ष-किरण विवर्तनाची (स्फटिकावरून क्ष-किरण कोणत्या कोनात वळतात ते मोजण्याची) सोय असेल तर तांब्याच्या क्ष-किरणांनी 46 ते 48 अंश कोनांचा भाग सावकाश नोंदवावा. चांगल्या चकतीत 46.6 आणि 47.5 अंशांजवळ दोन शिखरे दिसतात. टेट्रागोनल चकतीत 47.1 अंशांजवळ मुख्य शिखर येते आणि 46 अंशांजवळ लहानसे दिसते. मला हा आलेख चुंबकापेक्षाही बोलका वाटतो, कारण चकती बिघडली असल्यास ती कशामुळे बिघडली हेही तो सांगतो.

द्रवरूप नायट्रोजन गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरला जातो, त्यामुळे त्याची टाकी आपल्या भागात अनोळखी नाही. तो हवेशीर खोलीतच ओतावा. चाचणीनंतर चकतीवर दव जमते आणि पाण्याने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो, म्हणून ती कोरड्या हवेत खोलीच्या तापमानाला आणून सिलिका जेलच्या डबीत बंद करावी. पावसाळ्यात तर ही डबी उघडण्यापूर्वी ओल शोषल्यावर बदलणारा जेलचा रंग आधी पाहावा.