एमबीएच्या दोन वर्षांत ओळखी कशा करायच्या आणि टिकवायच्या कशा

सीईटी झाली, कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, कॉलेज मिळालं, फी भरली, आणि इंडक्शनच्या पहिल्याच दिवशी स्टेजवरून कोणीतरी सांगतं की बाबांनो नेटवर्क बनवा, तेच पुढे कामी येतं. पण म्हणजे उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग मुलं लिंक्डइनवर दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवतात, गेस्ट लेक्चर संपलं की पाहुण्यांना गराडा घालून सेल्फी काढतात, आणि त्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी एकाचंही नाव आठवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, खास करून जी मुलं लातूर, जळगाव, सांगलीकडून पहिल्यांदाच पुण्या-मुंबईत आलीत त्यांच्यासाठी.

आधी मनातली अडचण काढून टाका. आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरातूनच शिकवलेलं असतं की ओळखीने काम काढणं चांगलं नाही, आपण आपल्या मार्कांवर पुढे जायचं, कोणाच्या दारात जायचं नाही. संस्कार चांगलाच आहे, पण वशिला वेगळा आणि माहिती विचारणं वेगळं. वशिल्यात तुम्ही रांग मोडून आत जाता. इथे तुम्ही एवढंच विचारताय की तुमच्या कंपनीत हे काम रोज कसं चालतं, आणि उद्या त्या माणसाने तुमचा सीव्ही एचआरकडे पाठवला तरी इंटरव्ह्यू तुम्हालाच द्यायचाय, नापास झालात तर कोणी वाचवणार नाही. ह्यात लाज वाटण्यासारखं खरंच काही नाही.

आता ओळख कोणाशी करायची. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारून 1973 साली एक पेपर छापला. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली त्यांच्यातले फक्त 16.7 टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते, 55.6 टक्के अधूनमधून, आणि 27.8 टक्के क्वचितच. कारण सरळ आहे, तुमच्या रूममेटला ज्या कंपन्या माहिती आहेत त्या तुम्हालाही माहितीच असतात, नवीन बातमी येते ती थोड्या लांबच्या माणसाकडून. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी लोकांच्या डेटावरचा अभ्यास आला त्यातही मध्यम लांबच्या ओळखी सगळ्यात उपयोगी निघाल्या, अगदी नावापुरत्या ओळखींचा तेवढा फायदा झाला नाही. म्हणजे पाच हजार कनेक्शन जमवून उपयोग नाही आणि फक्त हॉस्टेलच्या ग्रुपमध्ये बसूनही नाही.

हे मधलं वर्तुळ कॉलेजात कुठे सापडतं? एक ते चार वर्षं आधी पास झालेले सीनियर, केस कॉम्पिटिशनमध्ये (कंपनीचा एखादा प्रश्न सोडवायच्या स्पर्धेत) समोर आलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या टीम, इंटर्नशिपमध्ये शेजारच्या डिपार्टमेंटला बसणारी माणसं. मोठ्या डायरेक्टरपेक्षा तीन वर्षांपूर्वी पास झालेला असिस्टंट मॅनेजर तुमच्या जास्त कामाचा, कारण त्याला फ्रेशरचा इंटरव्ह्यू अजून आठवतोय आणि त्याच्याकडे फोनवर बोलायला वेळही असतो. कॉलेज जुनं असेल, जमनालाल बजाज 1965 चं, सिम्बायोसिसचं एसआयबीएम 1978 चं, तर माजी विद्यार्थी जवळपास सगळीकडे सापडतात. कॉलेज नवीन असेल तर नाराज होऊ नका, आपल्या इंजिनिअरिंगच्या किंवा बीकॉमच्या कॉलेजचे लोक शोधा, आपल्या जिल्ह्याचे शोधा. पुण्यात असाल तर 1934 पासूनची मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योजकांची संघटना आहे, तिच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, कारखानदार मंडळी तिथे भेटतात.

मेसेज कसा लिहायचा ह्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण गाडी इथेच अडते. "सर प्लीज गाइड मी" असा मेसेज पाठवू नका, समोरच्याला कळतच नाही काय उत्तर द्यायचं. "काही ओपनिंग आहे का" हे तर पहिल्या मेसेजमध्ये अजिबात नको. असं काहीतरी लिहा: "नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही आधी ग्रामीण सेल्समध्ये होतात आणि मग ब्रँड टीमकडे आलात हे प्रोफाइलवर वाचलं. मलाही मार्केटिंग घ्यायचंय, पण सेल्सपासून सुरुवात करावी का हे ठरत नाहीये. तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?" ह्यात तुम्ही कोण, त्यांनाच का विचारताय, प्रश्न काय आणि वेळ किती हे सगळं आलं. पहिल्या मेसेजमध्ये सर-मॅडमच म्हणा, त्यांनी नावाने हाक मार म्हटलं की मग नावाने. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, मग सोडून द्या, लोक खरंच कामात असतात, मनाला लावून घेऊ नका.

फोनवर गुगलवर मिळेल ते विचारू नका. गेल्या आठवड्यात नक्की काय काम केलंत, पहिल्या सहा महिन्यांत काय जड गेलं, कॉलेजात शिकलेलं कुठे वापरलं आणि कुठे बिलकुल नाही, असं विचारा. आणि शेवटी, ह्या विषयावर अजून कोणाशी बोलू असं विचारा. एका फोनमधून पुढचा फोन निघतो तो ह्याच प्रश्नाने.

ह्याच्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नव्वद टक्के लोक ती सोडतात असं माझं मत. पुढे काय झालं ते कळवा. त्यांनी एखादा विषय घ्यायला सांगितला, तुम्ही घेतला, मग सेमिस्टर संपल्यावर दोन ओळी टाका की मॅडम तुमचं ऐकून रिटेल घेतलं, त्यात असा असा प्रोजेक्ट केला. काही मागायचं नाही, फक्त सांगायचं. माणसाला आपला सल्ला कोणीतरी मनावर घेतला ह्याचा खरा आनंद होतो, आणि मग प्लेसमेंटच्या वेळी तुम्ही सीव्ही पाठवलात तर तो अनोळखी मुलाचा नसतो. म्हणून सुरुवात पहिल्या सेमिस्टरलाच करा. समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, मुलाखती डोक्यावर आल्यावर केलेल्या मेसेजला मागण्याचाच वास येतो.

मे-जूनची इंटर्नशिप तर सोन्यासारखी. मुलं एसी केबिनमधल्या मेंटॉरला खूश करण्यात दोन महिने घालवतात आणि ज्या सेल्स ऑफिसरबरोबर मार्केटला फिरले त्याचा नंबर पण सेव्ह करत नाहीत. अरे तोच माणूस पुढे दुसऱ्या कंपनीत एरिया मॅनेजर होणारे! डिस्ट्रिब्युटरला धंदा विचारा, उधारी किती दिवसांची, कुठला माल परत येतो, कुठल्या कंपनीची स्कीम त्याला आवडते. अशी उत्तरं वर्गात मिळत नाहीत आणि फायनल इंटरव्ह्यूला हेच बोलता आलं की पॅनेल खुर्चीत पुढे सरकून ऐकतं.

स्वतःत बदल घडवायचा तर सगळ्यात आधी बोलण्याची भीती घालवा. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसणारी हुशार मुलं बघून मला फार वाईट वाटतं. रोज एका तरी लेक्चरला एक प्रश्न विचारायचा, आधी वहीत लिहून, मग वाचून दाखवला तरी चालेल. दिवाळीपर्यंत वहीची गरज कमी होत जाते. कमिटी एकच घ्या पण पूर्ण करा, चार कमिट्यांची नावं सीव्हीवर लिहून प्रश्न आला की "मी कोऑर्डिनेट केलं" एवढंच सांगता येत असेल तर काय उपयोग. ग्रुप प्रोजेक्ट संपला की टीममधल्या एकाला बाजूला घेऊन विचारा, माझ्याबरोबर काम करताना काय त्रास झाला? उत्तर ऐकून वाद घालायचा नाही. ग्रुपात सीए असेल तर त्याच्याकडून बॅलन्सशीट शिका, त्याला तुम्ही एक्सेल शिकवा. बॅचमेटशी खरी मैत्री अशीच होते, पार्टीतल्या फोटोंनी नाही.

एक साधी शीट ठेवा, नाव, कुठे भेटलो, काय बोललो, काय कळवायचं राहिलंय. महिन्यातून एकदा उघडायची. आणि शेवटच्या सेमिस्टरला कॉलेजच्या मेल आयडीवर असलेलं सगळं, लिंक्डइनचं लॉगिनसुद्धा, आपल्या पर्सनल आयडीवर आणून घ्या, बऱ्याच ठिकाणी डिग्रीनंतर तो आयडी बंद करतात. नोकरी कुठेही लागू दे, ज्यांनी ज्यांनी फोनवर वेळ दिला त्या सगळ्यांना जॉइन होण्याआधी नवीन नंबर आणि कंपनीचं नाव पाठवा, ज्यांच्या कंपनीने तुम्हाला नाकारलं त्यांनाही.