नाशिकहून नेपाळला जाताना सीमेवरची कागदपत्रे कशी तयार ठेवावीत

नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तेथून सुमारे 100 किलोमीटरवर भारत-नेपाळ सीमेवरचे सोनौली आणि पुढे काठमांडू, असा पशुपतिनाथाच्या यात्रेचा एक सोयीचा मार्ग आहे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण त्यावरून कागदपत्रांचीच गरज नाही असे समजू नये. तिकिटे काढण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची कागदपत्रे एकदा शांतपणे पाहावीत.

प्रौढ व्यक्तीने मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. येताना किंवा जाताना विमान घेणार असाल, तर या दोहोंपैकी एक अत्यावश्यकच आहे. आपल्याकडे सगळीकडे आधार चालते, त्यामुळे बहुतेक जण तेच घेऊन निघतात. परंतु 15 ते 65 या वयोगटासाठी ते या प्रवासाचे मान्य कागदपत्र नाही. 65 वर्षांवरील आजी-आजोबांना आणि 15 वर्षांखालील मुलांना मात्र आधार, पॅन कार्ड यांसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. 15 ते 18 वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसल्यास शाळेच्या मुख्याध्यापकांकडून विहित नमुन्यातील ओळख प्रमाणपत्र घ्यावे आणि ते सुट्टी लागण्याआधीच मागावे.

यानंतर नावे पडताळावीत, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, मग आडनाव अशी पद्धत असल्याने एका कागदावर तीन शब्द, दुसऱ्यावर दोनच, असे सहज घडते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचे आणि तिकिटावर सासरचे नाव असू शकते. विमानाचे तिकीट काढताना जे ओळखपत्र सोबत नेणार आहात, त्यावरचेच नाव अक्षरशः लिहावे. मतदार ओळखपत्रातील चूक नमुना 8 भरून दुरुस्त करता येते. जीर्ण झालेल्या कार्डाच्या जागी नवे कार्डही याच नमुन्यावर मिळते. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून हे काम दोन-तीन महिने आधी हाती घ्यावे.

पासपोर्टच काढायचा असेल, तर ऑनलाइन अर्ज भरून नाशिकमधील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी. प्रौढांच्या 36 पानी पुस्तिकेचे साधे शुल्क 1500 रुपये असून तिची मुदत 10 वर्षे असते. या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातच छापल्या जातात, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

परदेशी पासपोर्ट असलेले मूल किंवा नातवंड बरोबर असेल, तर अधिक दक्षता घ्यावी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) असले तरी ते मूल भारतीय नागरिक ठरत नाही, त्यामुळे त्याला नेपाळचा व्हिसा लागतो, आणि भारतात परतताना पासपोर्टबरोबर ओसीआय कार्डही दाखवावे लागते.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी वाहन नोंदणी प्रमाणपत्र, चालक परवाना आणि विमा यांच्या मूळ प्रती ठेवाव्यात. सीमा ओलांडल्यावर नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात, तेथे ज्याला भन्सार म्हणतात, गाडीच्या मुक्कामाच्या दिवसांचे शुल्क भरून पावती घ्यावी आणि परत येईपर्यंत ती गाडीतच ठेवावी.

सर्व कागदांच्या छायाप्रती मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. नेपाळमध्ये ओळखपत्र हरवल्यास प्रथम तेथील पोलिसांत तक्रार नोंदवून काठमांडूतील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. परतीच्या प्रवासाचा दाखला तेथून मिळतो, आणि त्या वेळी याच छायाप्रती उपयोगी पडतात.