थाप मागून यायची
आमच्या गावच्या खंजिरी भजनाचा 40 मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढला, लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला. सुरुवात ठीक, शेवटाकडे मात्र हात खंजिरीवर पडायचा अन् थाप अर्ध्या सेकंदानं ऐकू यायची. बुवा भडकले, "काऊन बे, मी बेताल वाजोतो का?" आवाज सरकवून पाहिला, तर शेवट जुळला की सुरुवात बिघडायची.

मग कळलं, मोबाइल उजेडानुसार फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करतो, अन् मंडपात तर एकच बल्ब! एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र वेग एकसारखाच धरतं, म्हणून चित्र अन् आवाज हळूहळू सुटत गेले. हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरात फाइल टाकली, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट 30 आणि 'कॉन्स्टंट' (म्हणजे वेग एकसारखा) निवडलं. अर्ध्यात लाइन गेली (बॅटरी कधीचीच मेलेली), पुन्हा पहिल्यापासून. नव्या फाइलमध्ये थाप हातासोबतच. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर चित्र पुसट होतं.