एअर सस्पेन्शनची गळती अशी सापडली

रात्री म्हापशात उभी केलेली गाडी सकाळी मागच्या डाव्या बाजूला बसलेली असायची, चालू केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरत राहायचा. आधी गाडी स्टँडवर पक्की टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालूच नका! मग भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे बाटलीतून सस्पेन्शनच्या फुग्याच्या (स्प्रिंगच्या जागी गाडी तोलणारी हवेची रबरी पिशवी) घड्यांवर, व्हॉल्व्हवर, सांध्यांवर मारलं. फुगा शाबूत होता. पण नळी फिटिंगमध्ये शिरते तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. हवा पूर्ण सोडून नळी काढली, तर टोकाला उभा ओरखडा. तेवढा तुकडा धारदार ब्लेडने सरळ काटकोनात कापला, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलली, नळी तळाला टेकेपर्यंत दाबली. परत साबण मारला, एकही बुडबुडा नाही. गोव्यातल्या पावसाळ्यात फुग्याच्या घड्यांत चिखल बसतो, तोही धुवून काढा; रबर त्यानेच घासतं.