घरात लेकरांचा, रानात कामाचा: असा कुत्रा निवडताना

गेल्या हंगामात मी डायरीत खुणा करून ठेवल्या. माझ्या कुत्रीला, मैनाला, घेऊन रानात गेलो ते दिवस भरले १९. उरलेले ३४६ दिवस ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नाहीतर मुलीच्या दप्तरावर हनुवटी टेकून पडलेली होती. शिकारीचा कुत्रा घ्यायला निघालेला माणूस त्या १९ दिवसांची स्वप्नं बघतो आणि ३४६ विसरतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पहिल्या खेपेला मी नेमकं तेच केलं होतं.

तो राणा. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, बाप शर्यती गाजवलेला. पिल्लू बघायला गेलो तेव्हा मी दोनच प्रश्न विचारले: बाप किती लांब धावतो आणि किती वेळ धावतो. घरात तो कसा असतो हे विचारायचं सुचलंच नाही. राणा दहा महिन्यांचा झाला आणि रानात बघत राहावं असा कुत्रा निघाला. वास लागला की पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, पुतळाच. पण घरात पहाटे चारपासून त्याच्या येरझाऱ्या सुरू. दाराची चौकट कुरतडून झाली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, तो दिवसातून तीनदा तरी आडवा व्हायचा. राणा चिडका म्हणून नव्हे, नुसत्या त्याच्या वेगाने. शेवटी चौदाव्या महिन्यात त्याला एका मित्राकडे दिलं. तो आठवड्यातले चार दिवस रानात असतो. तिथे राणा दोन महिन्यांत निवळला. मी मात्र वर्षभर त्या मित्राच्या घरी जायचं टाळत राहिलो.

दोष राणाचा नव्हता. मी कुत्र्याचं काम बघितलं, पण त्या कामातून घडणारा स्वभाव बघितला नाही.

काम सांगा, घरातला स्वभाव सांगतो

कुठलीही शिकारी जात पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक कामासाठी निवडली गेली, आणि तेच काम तिच्या घरातल्या वागण्यात उतरतं. जातींच्या चित्रांचे तक्ते वाचण्यापेक्षा हे एक सूत्र हाती धरलेलं बरं.

रिट्रीव्हर घ्या. पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्याचं मुख्य काम म्हणजे गप्प बसणं. माणसाच्या शेजारी, थंडीत, तासन्‌तास, हू की चू न करता. मग पक्षी पडला की एकदाच पाण्यात उतरायचं, तो दाताखाली न चिरडता हातात आणून द्यायचा आणि परत बसायचं. जो कुत्रा बसून राहू शकत नाही तो इथे निरुपयोगी. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन घराघरांत का रुळले त्याचं मोठं कारण हेच आहे, असं मला वाटतं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणारे कुत्रे; कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. तोंडात काहीतरी धरून मिरवायची हौस मात्र घरातही जात नाही. चपला उचलून ठेवायची सवय तुम्हालाच लावून घ्यावी लागेल. केस भरपूर गळतात, आणि खाण्यावर लगाम नसला तर त्याचा ढोल होतो.

स्पॅनिअलचं काम झुडपात घुसून पक्षी उठवायचं. उठलेला पक्षी बंदुकीच्या टप्प्यात असायला हवा, म्हणून तो माणसापासून पंचवीस-तीस मीटरच्या आतच नागमोडी फिरत राहतो आणि सारखा मागे वळून बघतो: आहेस ना? माझ्या मते कुटुंबासाठी हा गुण लाखमोलाचा आहे. रानात मागे वळून बघणारा कुत्रा घरातही माणसाकडे बघूनच चालतो. मैना स्प्रिंगर स्पॅनिअल आहे, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे हे कबूल. तिचे लांब कान आणि पोटाखालचे केस रानातून आलं की काटे-कुसळांनी भरतात. तासभर विंचरत बसावं लागतं, आणि ते काम मुलं दोनच दिवस हौसेने करतात.

पॉइंटर मंडळी लांब धावून वासावरून पक्षी हुडकतात आणि जागच्या जागी थबकतात. विस्तीर्ण माळ असेल तर यांना तोड नाही. पण दिवसभर धावण्याचा दम अंगात असलेला कुत्रा संध्याकाळच्या वीस मिनिटांच्या फेरीने थकेल ही आशा सोडा. यांच्यातला त्यातल्या त्यात घरगुती म्हणजे ब्रिटनी: अंगाने लहान आणि हळवा. हंगेरीचा व्हिज्ला माणसाला इतका चिकटतो की त्याला दिवसभर एकटं ठेवणं म्हणजे शिक्षाच. घरात सतत कोणीतरी असेल तरच त्याचा विचार करावा.

बीगल कळपाने, नाक जमिनीला लावून, ओरडत सशाचा माग काढतो. त्यामुळे तो इतर कुत्र्यांत आणि मुलांत मजेत मिसळतो. पण एकदा नाक खाली गेलं की कान बंद, आणि त्याचं ओरडणं शेजाऱ्यांनाही ऐकावं लागतं. माग सोडून हाकेला परत येणारा बीगल मी अजून पाहिलेला नाही.

टेरिअर आणि डॅक्सहुंड बिळात एकटे शिरतात. अंधारात, समोर दात विचकणारं जनावर, आणि निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा. असा कुत्रा घरात तुमचं प्रत्येक म्हणणं ऐकेल असं कसं होईल? ग्रेहाउंड, सालुकी यांसारखे नजरेने शिकार करणारे कुत्रे उलट फार शांत. दोन मिनिटं वाऱ्यासारखे धावतात आणि दिवसभर झोपतात. घरात मांजर, कोंबडी किंवा ससा असेल तर मात्र या दोन्ही गटांपासून लांब राहिलेलं बरं. मी तरी ती जोखीम घेणार नाही.

कायद्याचंही आधी बघा. काही देशांत पक्ष्यांच्या शिकारीत कुत्रा चालतो पण जनावरामागे सोडता येत नाही. काही ठिकाणी शिकारच बंद आहे. बंद असेल तर असा कुत्रा घेऊच नये असं नाही. भरीव कापडी बाहुलं लपवून आणायला लावणं, माणसाने मुद्दाम आखलेला माग काढायला लावणं, यातही त्याच्या नाकाची भूक भागते. काहीच काम दिलं नाही तर तो स्वतःचं काम स्वतः शोधतो, आणि ते तुम्हाला आवडणारं नसतं.

एकच जात, दोन घराणी

जात ठरली म्हणजे निम्मंच काम झालं. एकाच जातीत दोन घराणी असतात: प्रदर्शनात रूपासाठी वाढवलेलं आणि रानात कामासाठी वाढवलेलं. स्प्रिंगरमध्ये हा फरक इतका आहे की दोघं शेजारी उभे केले तर नवखा माणूस वेगळ्या जाती समजेल. निव्वळ प्रदर्शनाच्या घराण्यात शिकारीची ओढ पातळ झालेली असू शकते. निव्वळ शर्यतीच्या घराण्यात ती इतकी तापलेली असते की आमच्या राणासारखं होतं.

इथे वंशावळीच्या कागदातली अक्षरं वाचता यायला हवीत. अमेरिकन केनेल क्लबच्या कागदावर नावाच्या मागे जे.एच., एस.एच., एम.एच. अशी अक्षरं दिसली तर ती हंट टेस्टची: ज्युनिअर, सीनिअर, मास्टर हंटर. नावाच्या पुढे एफ.सी. असेल तर तो फील्ड ट्रायलचा, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या शर्यतींचा, विजेता. दोन्हींत मोठा फरक आहे. हंट टेस्टमध्ये कुत्रा ठरलेल्या कसोटीला उतरला की पास. दहा कुत्रे उतरले तर दहाही पास. फील्ड ट्रायलमध्ये दुसऱ्या कुत्र्याला हरवायचं असतं, म्हणून तिथे निवड टोकाच्या वेगाची आणि ईर्षेची होते. घरात ठेवायच्या कुत्र्यासाठी मी आई-बापांत हंट टेस्टची अक्षरं शोधतो. एफ.सी. दोन पिढ्या मागे असेल तर चालेल. आई आणि बाप दोघंही एफ.सी. असतील तर सलाम करून घरी परततो. पणजोबाच्या पदकांना भुलू नका. आई-बाप आणि आजी-आजोबा, एवढंच बघा.

१९६९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली नाव्हडा ही संस्था सोळा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांची एक उपजत गुणांची चाचणी घेते. तीत नाक, माग, पाणी यांबरोबर माणसाशी सहकार्य यालाही गुण असतात. पॉइंटर गटातलं पिल्लू घेत असाल तर त्याच आई-बापांच्या आधीच्या वेताचे हे गुण जरूर मागा. सहकार्याचा आकडा आधी बघा, नाकाचा नंतर.

आईला भेटल्याशिवाय पिल्लू नाही

बाप पुष्कळदा दुसऱ्याच गावचा असतो, भेटत नाही. आई भेटलीच पाहिजे. भेटू देत नसतील तर उठावं. मी मैनाच्या आईला बघायला गेलो तेव्हा दार उघडल्यावर ती दोनदा भुंकली, मला हुंगलं आणि आत निघून गेली. चहा घेत बसलो तर परत आली. तोंडात मालकाची चप्पल. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली बसली. चपलेवर दाताचा एक ओरखडा नव्हता. खरं सांगतो, त्यानंतर पिल्लं बघणं ही निव्वळ औपचारिकता होती.

ब्रीडरला, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला, विचारा: ही घरात राहते की पिंजऱ्यात? लहान मुलं आली की काय करते? हंगाम नसताना तिचा दिवस कसा जातो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना माणसाचा चेहरा बघा.

कागदपत्रांत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे अहवाल आणि डोळ्यांची तपासणी मागा. अमेरिकेतली ओ.एफ.ए. ही संस्था खुब्याचा अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. म्हणजे दीड वर्षाच्या कुत्रीचं वेत विकताना कोणी हा अंतिम दाखला आहे म्हणत असेल तर काहीतरी गडबड आहे. लॅब्रॅडॉरमध्ये ई.आय.सी. नावाचा एक आनुवंशिक दोष असतो: जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडतात आणि कुत्रा कोसळतो. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच उमटतो. त्याची डी.एन.ए. चाचणी होते, आणि दोघांपैकी एक जरी पूर्ण निर्दोष असला तरी पिल्लू त्या आजारातून सुटतं. आमच्या कस्तुरीच्या वेळी, ही मधली, लॅब्रॅडॉर, मी हे सगळे कागद मागितले आणि तोंडं वाकडी झालेली पाहिली. ती बारा वर्षं जगली आणि अकराव्या वर्षीही पाण्यात उतरत होती.

आता पिल्लू. सातव्या आठवड्यात पिल्लाला पाठीवर उताणं धरून, टाळ्या वाजवून त्याची कुंडली मांडणाऱ्या चाचण्या आहेत. करा, गंमत असते, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्या वयातलं वागणं मोठेपणी तसंच टिकतं असं नाही. मी एवढंच बघतो: किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला की पिल्लू दचकलं तरी चालेल, पण थोड्या वेळाने हुंगायला पुढे यावं. कोपऱ्यात थरथरत राहणारं नको. सगळ्यांना तुडवत सर्वांत आधी धावून येणारंही मी घेत नाही, भले मुलं त्याच्यासाठीच हट्ट धरोत. ब्रीडरने आठ आठवडे वेत रोज पाहिलेलं असतं. घरात चार वर्षांचं मूल आहे आणि वर्षाला वीस दिवस रान आहे, असं स्पष्ट सांगितलं तर तो योग्य पिल्लाकडे बोट दाखवतो.

पिल्लाचाच आग्रह नसेल तर दोन-तीन वर्षांचा शिकलेला कुत्रा हाही चांगला मार्ग आहे. जे आहे ते समोर दिसतं. घेण्याआधी मुलांना घेऊन दोनदा भेटा, आणि आठवडाभर घरी ठेवून बघायला मिळतो का विचारा.

लाडाने नाक बिघडत नाही

घरात झोपणारा, मुलांनी लाडावलेला कुत्रा रानात बिनकामाचा होतो, असं जुने शिकारी सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. कुत्रा बिघडतो तो पाच माणसांनी पाच शब्द वापरल्याने. आमच्याकडे आई ‘इकडे ये’ म्हणायची, मुलगा ‘कम’, मी शीळ घालायचो. कस्तुरीने कोणाचंच न ऐकायचं ठरवलं. आता फ्रिजवर कागद आहे, त्यावर सहा शब्द, ते सगळ्यांना बंधनकारक. दुसरं, आणायला शिकवायच्या बाहुल्याची रस्सीखेच मुलांनी खेळायची नाही. त्यातून कुत्रा पकड घट्ट करायला शिकतो, आणि पुढे पक्षी चिंधड्या होऊन हातात येतो. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, हे सांगायची गरज नसावी.

आवाजाची ओळख सावकाश करून द्या. बंदुकीला भिणारा कुत्रा बहुधा जन्मतः तसा नसतो, घाईने तसा केला जातो. पिल्लू जेवत असताना दुसऱ्या खोलीत भांडं पडू दे. मग ते काहीतरी आवडीचं हुंगण्यात गुंतलेलं असताना लांबवर हलका बार. ढुंकूनही बघितलं नाही तरच पुढच्या वेळी थोडं जवळ. दचकलं तर दोन पावलं मागे आणि आठवडाभर थांबा. फटाक्यांच्या गदारोळात ‘सवय होईल’ म्हणून नेऊन उभं करू नका. एका संध्याकाळीत सगळं हातचं जातं.

रानाच्या पहिल्या तीन-चार खेपांना मी बंदूक घरीच ठेवली. पहिल्या खेपेला मैनाने आणलं ते एक कुजकं लाकूड, दुसऱ्या खेपेला कोणाचा तरी फाटका हातमोजा. दोन्ही वेळा मी ते तिच्या तोंडातून हळूच काढून घेतलं आणि तिला शाबासकी दिली.