चेतापेशीतील स्कॅफोल्ड प्रथिनांची जागा कशी ठरवावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकून बीएस्सीला एकदम इंग्रजीत गेलेल्या विद्यार्थ्याला सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील स्कॅफोल्ड प्रथिनांबद्दल, म्हणजे इतर प्रथिनांना ठरावीक जागी एकत्र धरून ठेवणाऱ्या प्रथिनांबद्दल विचारले, तर तो बहुधा ‘ती सिनॅप्समध्ये (एक चेतापेशी दुसरीला संदेश देते त्या सांध्यात) असतात’ एवढे लिहून मोकळा होतो. हे उत्तर चूक नसले तरी अपुरे आहे, कारण कोणत्या प्रकारचा सिनॅप्स आणि त्याची कोणती बाजू हे सांगितल्याशिवाय जागा सांगितल्यासारखे होत नाही.

म्हणून आधी कोऱ्या कागदावर पेशीकाय, वृक्षिका, तिच्यावरचे बारीक उंचवटे म्हणजे स्पाइन आणि अक्षतंतू अशी आकृती काढावी. पीएसडी-९५ हे स्कॅफोल्ड प्रथिन स्पाइनच्या टोकाशी, उत्तेजक सिनॅप्सच्या संदेश घेणाऱ्या बाजूस, पेशीपटलाला अगदी लागून दाखवावे. त्याच्या एका टोकाला जोडलेले मेदाम्ल त्याला पटलाशी धरून ठेवते आणि त्याचे पीडीझेड नावाचे भाग एनएमडीए ग्राहीची (संदेशाचे रसायन टिपणाऱ्या पटलातील प्रथिनाची) पेशीच्या आत आलेली शेपटी पकडतात. त्याच्याखाली, पेशीच्या आतल्या बाजूस, शँक आणि होमर ही प्रथिने येतात. गेफिरिन हे प्रथिन मात्र निरोधक सिनॅप्सवर असते आणि हे सिनॅप्स बहुतांशी वृक्षिकेच्या दांड्यावर, पेशीकायावर व अक्षतंतूच्या आरंभी असतात. बॅसून (Bassoon) आणि पिकोलो ही प्रथिने संदेश देणाऱ्या बाजूची आहेत. सिनॅप्सबाहेरचे उदाहरण हवे असल्यास अँकिरिन-जी घ्यावे. ते अक्षतंतूच्या आरंभखंडात आणि रॅनव्हिएच्या गाठींपाशी (अक्षतंतूवरच्या आवरणातील उघड्या जागांपाशी) सोडियम वाहिन्या एकत्र धरते.

या मांडणीला अपवादही आहेत. अनुमस्तिष्कात बास्केट पेशींच्या अक्षतंतूंच्या टोकांत, म्हणजे संदेश देणाऱ्या बाजूसही, पीएसडी-९५ सापडते. त्यामुळे मेंदूचा भाग कोणता, हे उत्तरात लिहिलेच पाहिजे.

आकृती पडताळण्यासाठी आपल्या महाविद्यालयात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक असलाच पाहिजे असे नाही. उंदराच्या मेंदूचा ॲलन ॲटलास इंटरनेटवर मोफत पाहता येतो, परंतु त्यातील जनुक-अभिव्यक्तीची चित्रे आरएनएची आहेत, प्रथिनाची नव्हेत, आणि माझ्या मते सर्वाधिक गफलत इथेच होते. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात पीएसडी-९५चा आरएनए पिरॅमिडल पेशीकायांच्या पट्ट्यात गडद दिसतो, तर प्रथिनाच्या प्रतिपिंड-रंजनात (प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून ते रंगवले असता) नेमका तोच पट्टा फिकट राहून भोवतालचे वृक्षिकांचे थर रंगतात. दोन्ही चित्रे खरी आहेत; आरएनएचा मोठा भाग पेशीकायात राहतो आणि प्रथिन सिनॅप्सपाशी जाऊन साठते.

शोधनिबंधातील छायाचित्र वाचताना सूक्ष्मदर्शकाचा प्रकार आधी पाहावा. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि सिनॅप्समधील फट तर जेमतेम २० नॅनोमीटरची असते. साहजिकच बॅसूनचा लाल ठिपका आणि पीएसडी-९५चा हिरवा ठिपका एकमेकांवर चढून पिवळे दिसतात, पण त्यावरून ती एकाच बाजूला आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही; बाजू ठरवायला सुवर्णकण वापरलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन किंवा सुपर-रिझोल्यूशन तंत्र लागते.

रंग दिसला नाही म्हणून प्रथिन नाही, असेही समजू नये. फॉर्मल्डिहाइडने पक्क्या केलेल्या ऊतीत सिनॅप्सचा दाट भाग प्रतिपिंडाला आत शिरू देत नाही, म्हणून काही प्रयोगांत रंजनाआधी पेप्सिनची प्रक्रिया करतात. उलट, रंग दिसला तर त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीत तो नाहीसा होतो का, हे निबंधात शोधावे.